मिकीचे हवाईयन शर्ट

मिकी माउस छापलेले हवाईयन शर्ट म्हणजे नुसते मुलांचे कपडे, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. १९३०च्या दशकात हवाईतल्या होनोलुलूत दुकानदार एलरी चन यांनी अलोहा शर्ट (हवाईयन शर्टांचंच दुसरं नाव) विकायला घेतले, आणि पर्यटक ते सुट्टीची आठवण म्हणून घरी नेऊ लागले. मग त्यावर कार्टून शोभणारच!

असे शर्ट बनवणाऱ्या रेन स्पूनर या कंपनीची ओळख म्हणजे उलटी छपाई: छापील बाजू आत, त्यामुळे बाहेरून रंग उन्हाने विटल्यासारखे मऊ दिसतात. त्यांच्या डिस्ने शर्टांवर पानाफुलांत मिकी शोधण्यात खरी मजा आहे. संग्रहासाठी घेताना आधी खिसा बघा. त्याची नक्षी छातीवरच्या नक्षीशी तंतोतंत जुळायला हवी. तसं बेतायला कापड जास्त लागतं, म्हणून स्वस्त शर्टांत ते टाळतात. करवंटीची बटणं असतील तर फारच छान.