मदत हवी आहे: शेकवर राहावं की जेवणच बदलावं?

नमस्कार मंडळी. आम्ही म्हापशाचे. माझ्या मोठ्या भावाला टाइप २ मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. आता त्याने ठरवलंय, वजन उतरवायला तीन महिने जेवण बंद, फक्त शेक, म्हणजे जेवणाऐवजी पावडर घोळवून प्यायचं पेय. पावडर जिममधल्या ओळखीच्या माणसाकडून येणार.

पद्धत खोटी नाही, हे मान्य. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत लोकांना ३ ते ५ महिने रोज सुमारे ८५० कॅलरींचे शेक आणि सूप दिले होते. वर्षाने ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती, दोन वर्षांनी ३६ टक्के. पण तिथे मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, नंतर नेहमीचं जेवणही हळूहळू सुरू करून दिलं होतं. दादा मात्र गोळ्या घेत घेतच हे करणार! साखर एकदम खाली गेली तर? मला याचीच धास्ती आहे.

माझ्या मते जेवणच बदलावं. आमच्याकडे दुपारी ताटभर उकड्या तांदळाचं शीत, वर हुमण (माशांची आमटी), संध्याकाळी चहाबरोबर पाव, रात्री परत भात. भात निम्मा करून तांबडी भाजी (लाल माठ) नि मासळी वाढवली तर जन्मभर निभेल. दादा म्हणतो, “त्याने वजन कधी उतरणार?”

कुणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली असे शेक घेतलेत का? पुन्हा जेवायला लागल्यावर वजन टिकलं? आणि म्हापसा-पणजीत आपलं शीत-हुमण समजून घेणारे आहारतज्ज्ञ माहीत असतील तर कृपया लवकर सांगा, पावडर पुढच्या आठवड्यात येतेय.