सहा हजारांत पहिली गिटार : कोणती घ्यावी?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. वय ४६, मुक्काम चिपळूण. संगीताचं भांडवल म्हणजे शाळेत असताना दिलेल्या पेटीच्या परीक्षा आणि आमचं भजनी मंडळ. मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून संध्याकाळी वेळ मिळतो आणि गिटारची जुनी हौस पुन्हा वर आली आहे. बजेट सहा हजार, बॅगबिग सगळं धरून. मीच गाणार, मीच साथ करणार, स्टेजवर जायचं नाही. हात लहान आहेत. ऑनलाइन पाहिलं तर अडीच-तीन हजारांपासून सुरू होतात आणि रेटिंग सगळ्यांचंच झकास. दुकानदार म्हणतो, "ही न्या, सगळे हीच नेतात." ३८ इंची, ४१ इंची, कटअवे, सेमी-अकॉस्टिक... यातलं मला नक्की काय लागेल? जाणकारांनी सांगावं.

खर्जातला खंड्या
ताई, आधी काय लागत नाही ते सांगतो. सेमी-अकॉस्टिक नको, तो आतला पिकअप (आवाज पकडणारा भाग) स्पीकरला जोडण्यासाठी असतो आणि या किमतीत तो बसवायचा तर पैसे लाकडातून आणि खुंट्यांतून कापले जातात. कटअवे म्हणजे नुसती खांद्याला दिलेली खाच, अगदी वरच्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हात पोचावा म्हणून. तुम्हाला पहिली दोन वर्षं तिकडे काम नाही. इंच म्हणजे गिटारची एकूण लांबी. लहान हातांना ३८-३९ बरी, ४१चं पोकळ अंग काखेत मोठं होतं.

आता काय लागतं ते. ॲक्शन. तार आणि खालची फ्रेट यांतलं अंतर. स्वस्त गिटार वाईट वाजते त्यापेक्षा ती दाबायला जड जाते म्हणून सुटते. कंपासमधली स्टीलची पट्टी घेऊन दुकानात जा (शून्य अगदी टोकापासून सुरू होतंय ना ते बघा) आणि बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली मोजा. अडीच-तीन मिमी चालेल. चारच्या वर असेल तर महिनाभरात गिटार कपाटावर.

तिरकस
युकुलेले घ्या, गिटारची धाकटी बहीण. चार तारा, नायलॉनच्या, दोन-अडीच हजारांत विषय संपला.

खर्जातला खंड्या
त्यांनी गिटार विचारली आहे हो.

माडाखाली
गोव्यातून लिहितोय, म्हणजे तुमच्यासारखाच पाऊस. इथे घरोघरी गिटार दिसते, त्यामुळे पावसाने तिचं काय होतं तेही घरोघरी दिसतं. लाकूड पाणी पितं, वरची फळी पुलामागे (ब्रिज, अंगावर तारा अडकवतात ती पट्टी) फुगते, तारा वर उचलल्या जातात. मेमध्ये छान वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये बोटं कापते. म्हणून "सॉलिड टॉप (वरची फळी अखंड लाकडाची) घ्या, आवाज खुलतो" असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. तुमच्या बजेटात तो मिळणारही नाही, आणि कोकणात थरांच्या लॅमिनेट लाकडाची गिटार दमट हवा जास्त निभावून नेते. बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसा, नाहीतर स्टीलच्या तारा पावसाळ्यात बघता बघता गंजतात. मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात नको, सरस मऊ होऊन पूल सुटतो.

सूरपेटी
नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार कोणी सुचवत कसं नाही? बोटांना किती मऊ! सहा तारांचा मिळून ताण स्टीलला सत्तर किलोच्या आसपास, नायलॉनला चाळीसच्या. शिवाय नायलॉन गंजत नाही.

खर्जातला खंड्या
मऊ खरी, पण मान रुंद. नटपाशी (डोक्याजवळची, तारांच्या खाचांची पट्टी) ५२ मिमी, स्टीलवालीला ४३. लहान हातांनी एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) धरून बघा म्हणजे कळेल. दुकानात दोन्ही हातात घेऊन ठरवावं हे बरं. आणि क्लासिकलला कधीही स्टीलच्या तारा चढवू नका, ताणाने पूलच उखडून येईल.

सूरपेटी
एफ कॉर्ड स्टीलवरही पहिल्या महिन्यात कोणाला येत नाही. मी माझ्या मतावर ठाम.

कोथरूडचा कप्पा
जुनी बघा की. पुण्यात कॉलेज संपवून शहर सोडणारी मुलं हौसेने घेतलेल्या गिटारी विकून जातात, त्यातल्या निम्म्या जेमतेम वाजवलेल्या. यामाहाची एफ २८० किंवा एफ ३१० नवी तुमच्या बजेटबाहेर जाते, जुनी बसते. या दोन्ही साध्या, दणकट. पण तपासून घ्या. पुलाच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. आत गेला तर पूल उचललाय, नको ती गिटार. डोक्याकडून एक डोळा मिटून मानेकडे बघा, पिळलेली दिसली तरी नको. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा. कंटाळवाणं आहे, विकणारा तोंड वाकडं करेल, करू दे. कुठे झणझणतंय ते कळतं. शेवटी ट्यूनरचं ॲप लावा: बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर एकच यायला हवा. दाबलेला चढा येत असेल तर वरच्या फ्रेट्सवर बेसूर होणार. पेटी शिकलेल्या माणसाला ते सहन होणार नाही.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे आभार! पुण्याला लगेच जाणं होणार नाही, म्हणून नवीच घ्यावी म्हणते. मग गिटार पूर्ण सहा हजारांचीच घेऊ का?

खर्जातला खंड्या
मुळीच नाही. गिटारवर साडेचार हजारांच्या आत थांबा. कॅडेन्स, हुआरेझ अशा नावांच्या त्या किमतीत मिळतात. नावात फार अडकू नका, एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो. उरलेल्यातून नव्या एक्स्ट्रा लाइट तारा घ्या (सर्वांत पातळ तार १० नंबरची, कंपनीने लावलेल्या काढून टाका), आणि पाचशे ते हजार रुपये कारागिराला सेटअपसाठी ठेवा. तो मानेतली सळई जुळवेल, नटच्या खाचा खोल करेल, सॅडल (पुलावरची, तारा टेकतात ती पट्टी) खालून घासेल. सॅडल १ मिमी घासली की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिमीच उतरते, म्हणून घरी कानशीने प्रयोग नकोत. नट स्वतः तपासता येतो: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा, पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली पाहिजे. तिथे जास्त फट असेल तर साधा सी कॉर्डही छळतो. सेटअप केलेली चार हजारांची गिटार डब्यातून काढलेल्या आठ हजारांच्या गिटारला हरवते, हे माझं मत आहे आणि यावर मी भांडायला तयार आहे.

कॉम्बो पॅकला भुलू नका. त्यातला पट्टा, पिक, पुस्तक हे सगळं मिळून दोनशेचं. बॅग मात्र गादीवाली घ्या.

वाशिष्ठीकाठ
भांडत नाही. एक बाळबोध शंका: मी पेटीच्या काळी चारमध्ये गाते. गिटारवर ते कॉर्ड भयंकर अवघड असतात म्हणे?

सूरपेटी
कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबणारा चिमटा) घ्या, दोन-तीनशे रुपयांत येतो. काळी चार म्हणजे पांढरी पाचच्या (गिटारवरचा जी) अर्धा सूर वर. कॅपो पहिल्या फ्रेटला लावा आणि जी, सी, डी हे सोपे आकार धरा, आवाज काळी चारचा येतो. मंडळातलं कोणी काळी पाचवर गाणार असेल तर तेच आकार, कॅपो तिसऱ्या फ्रेटला. पेटीवर पट्टी बदलली की बोटं बदलतात, इथे ती कटकट नाही.

वाशिष्ठीकाठ
अरे वा! एवढ्यासाठीच घ्यायला हवी. रविवारी रत्नागिरीला जातेय, पट्टी पर्समध्ये टाकली आहे.

माडाखाली
डाव्या हाताची नखं कापून जा, नाहीतर दुकानात एकही तार नीट दाबता येणार नाही आणि दोष गिटारला जाईल.

वाशिष्ठीकाठ
हे आधी कोणी बोललं नाही! परवाच लग्नासाठी नेलपॉलिश लावलंय.

तिरकस
युकुलेलेलाही कापावीच लागतात, म्हणून गप्प बसलो होतो.