पहिलीच एअर पिस्तूल स्पर्धा : साठ शॉट कसे पेलावेत?

धरमपेठकर :
सप्रेम नमस्कार. गेले सात महिने मी नागपुरात १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव करीत असून पुढच्या महिन्यात क्लबच्या स्थानिक स्पर्धेत प्रथमच उतरणार आहे. दहा शॉटच्या मालिकेत शंभरपैकी ८५ ते ८८ गुण पडतात. परंतु गेल्या रविवारी सरांनी घड्याळ लावून सलग साठ शॉट घ्यायला लावले, तेव्हा चाळिसाव्यानंतर हात थरथरू लागला आणि उरलेले शॉट मी अक्षरशः उरकले. स्पर्धा कागदी टार्गेटवर आहे. कशाची काळजी घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुना नेमबाज :
कागदी टार्गेटवर साठ शॉटना ९० मिनिटे मिळतात आणि तयारीची व साइटिंगची (नेम जुळवण्याच्या, गुण न धरल्या जाणाऱ्या शॉटची) १५ मिनिटे त्याआधी वेगळी असतात. म्हणजे एका शॉटला दीड मिनिट झाले. वेळ आपल्याला मुळीच कमी पडलेला नाही, हात दमला आहे. पिस्तूल उचलल्यावर आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही, की माशी (नळीच्या टोकावरचा नेमखुंट) मागच्या खाचेत डोलू लागते आणि आता सोडूनच टाकू असे वाटते. नेमका तेव्हाच हात खाली घ्यावा, श्वास घ्यावा आणि पुन्हा उचलावे. हे खाली घेणे मला जमायला दोन वर्षे लागली, आणि माझ्या मते पहिल्या स्पर्धेत याहून मोठे शिकण्यासारखे काही नाही. प्रत्येक मालिकेनंतर पिस्तूल टेबलावर ठेवून खुर्चीवर खुशाल बसावे.

मानेवाड्याची ताई :
दादा, माझ्या पहिल्या स्पर्धेत मी नळीत पेलेट (एअर पिस्तुलाची छोटी गोळी) न घालताच ट्रिगर दाबला होता. नुसती हवा सुटली आणि तो शॉट शून्य धरला गेला. तेव्हापासून पेलेट नीट बसल्याची बोटाने खात्री केल्याशिवाय मी नजर टार्गेटकडे नेत नाही. पिस्तुलाच्या हातात घड्याळ किंवा कडे चालत नाही आणि घोटा झाकणारे बूटही चालत नाहीत, ते घरूनच पाहून निघावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तळहाताला घाम सुटून ग्रिप सरकते, म्हणून सुती नॅपकिन टेबलावरच ठेवावा.

धरमपेठकर :
दोघांचेही मनापासून आभार. पिस्तूल क्लबचे आणि बरेच जुने आहे. मध्येच बिघडले तर काय करावे?

जुना नेमबाज :
नळी टार्गेटकडेच ठेवून मोकळा हात वर करावा आणि रेंज ऑफिसर (नेमबाजीच्या जागेवर देखरेख करणारे पंच) येईपर्यंत जागेवरून हलू नये. पिस्तूल दाखवायला मागे वळणे ही सर्वांत गंभीर चूक आहे. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांचे पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडले होते. दुरुस्तीत बराच वेळ जाऊनही त्यांनी उरलेले शॉट पूर्ण केले आणि ५७५ गुणांसह त्या बाराव्या आल्या. याच प्रकारात २०२४ साली पॅरिसमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. आपण मात्र या रविवारीच सरांकडून त्या पिस्तुलाची सीले (हवा गळू न देणाऱ्या रबरी चकत्या) आणि हवेच्या सिलिंडरचा दाब तपासून घ्यावा.