ग्राइंडिंगपुढची रांग: सूत्र म्हणतं साडेआठ तास, जॉब कार्डं म्हणतात २६

तिसरी_शिफ्ट:
माझ्याकडे प्लॅनिंगचं काम आहे. तीन प्रकारचे शाफ्ट एकाच ग्राइंडिंग मशीनवर येतात. नगामागे ‘अ’ला ५ मिनिटं लागतात, ‘ब’ला ८ आणि ‘क’ला २०. शंभर लॉट धरले तर ५० ‘अ’चे, ३० ‘ब’चे, २० ‘क’चे. लॉट सगळ्यांचा २० नगांचाच. मशीन तिन्ही शिफ्ट चालतं आणि सरासरी दर ४ तासांनी एक लॉट समोर येतो.

हिशेब असा केला: सरासरी नगाला ८.९ मिनिटं, म्हणजे लॉटला १७८. मशीन ७४ टक्के गुंतलेलं. एम-एम-वनचं, म्हणजे एका मशीनपुढच्या रांगेचं पाठ्यपुस्तकी सूत्र लावलं तर लॉटची सरासरी प्रतीक्षा साडेआठ तास आली. तीन महिन्यांच्या जॉब कार्डांवरून खऱ्या वेळा उतरवून काढल्या, तर २६ तास! त्या साडेआठ तासांवर मी डिस्पॅचला तारखा दिल्या होत्या. त्या चुकल्या आणि बोलणी खाल्ली ती पॅकिंगच्या लोकांनी, हे मला फार लागलं. सिम्युलेशनला हात न लावता सूत्रांनीच जवळचं उत्तर मिळेल का?

चक्रधर:
सेटअप धरलात का?

तिसरी_शिफ्ट:
नाही. प्रॉडक्ट बदललं की व्हील ड्रेसिंग (चाकाला धार) आणि फिक्स्चर (शाफ्ट धरणारी पकड) धरून ३० मिनिटं जातात. तोच प्रॉडक्ट परत आला तरी ड्रेसिंग आणि पहिल्या नगाची तपासणी होतेच, तेव्हा प्रत्येक लॉटला ३० धरा.

भट्टीजवळची:
मग पहिली गळती तिथेच आहे. मी बरीच वर्षं हेच काम केलंय आणि हीच चूक मीही केली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

सेटअप धरून लॉटच्या वेळा होतात १३०, १९० आणि ४३० मिनिटं. सरासरी २०८. मशीन ७४ नव्हे, जवळपास ८७ टक्के गुंतलेलं आहे. मशीन किती गुंतलंय त्या प्रमाणात रांग वाढत नाही, उरलेल्या मोकळ्या वेळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. दर २४० मिनिटांत तुमच्याकडे ६२ नाही, फक्त ३२ मिनिटं मोकळी आहेत.

दुसरी गोष्ट, एम-एम-वन कामाच्या वेळा घातांकी वितरणाच्या मानतं, म्हणजे बऱ्याच लहान आणि थोड्या फार लांब. तुमच्या तशा नाहीत. प्रत्येक प्रॉडक्टची वेळ अगदी ठरलेली असली तरी मशीनला दिसते ती सरमिसळ. तिचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ११४ मिनिटं येतं. त्याला २०८ने भागून वर्ग केला की ०.३०, हीच कामाची अनियमितता. अनेक प्रॉडक्टांचं एक ‘सरासरी प्रॉडक्ट’ करताना लोक नुसती सरासरी घेतात आणि हा आकडा विसरतात. किंगमन यांचं १९६१चं सूत्र घ्या: येण्याच्या आणि कामाच्या अनियमिततेची सरासरी, गुणिले गुंतलेला भाग भागिले मोकळा भाग, गुणिले कामाची वेळ. येणं पूर्ण यादृच्छिक, म्हणजे त्याची अनियमितता १ मानली तर ०.६५ × ६.५ × २०८, म्हणजे साधारण १४.६ तास.

अजून २६ झाले नाहीत. उरलेलं येण्याच्या बाजूला लपलंय. ग्राइंडिंगच्या आधी काय आहे?

तिसरी_शिफ्ट:
हीट ट्रीटमेंटची भट्टी. एका चार्जमध्ये, म्हणजे भट्टीच्या एका भरणीत, तीन लॉट बसतात, तिन्ही एकदम बाहेर येतात. चार्ज सरासरी १२ तासांनी निघतो, पण कधी ४ तासांनी, कधी थेट दुसऱ्या दिवशी. लॉगबुकवरून प्रमाण विचलन ९ तास आलं.

मग मी लॉटमधल्या अंतरांचा तोच अनियमिततेचा आकडा काढला, ३.७ आला. किंगमनमध्ये घातला तर उत्तर ४५ तास! आता उलट्या बाजूला चुकलो.

भट्टीजवळची:
४५ का आले ते बघा. किंगमनचं सूत्र धरून चालतं की प्रत्येक अंतर मागच्या अंतरापासून स्वतंत्र आहे. तुमची अंतरं शून्य, शून्य, मग मोठं, अशी ठरलेल्या क्रमाने येतात. म्हणून लॉट मोजू नका, चार्ज मोजा. तीन लॉटांचा एक मोठा जॉब समजा: काम ६२४ मिनिटांचं, त्याची अनियमितता ०.३०च्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, म्हणजे ०.१०. चार्जच्या अंतराची (९/१२)², म्हणजे ०.५६. चार्जच्या पहिल्या लॉटला थांबावं लागतं ०.३३ × ६.५ × ६२४, साधारण १३४४ मिनिटं. त्यात आपल्याच चार्जमधल्या भावंडांमागे थांबणं मिळवा, सरासरी एक लॉट, २०८ मिनिटं. बेरीज १५५२. म्हणजे २६ तासांना काही मिनिटंच कमी.

इतकं नेमकं जुळलं यात थोडा योगायोग आहे. एका चार्जमध्ये तिन्ही लॉट एकाच प्रॉडक्टचे पडत असतील तर ०.१० चालणार नाही, आकडा वर जाईल. ते लॉगबुकमध्ये तपासाच.

चक्रधर:
आमच्याकडे अशा वेळी लगेच लॉट निम्मा करायचं ठरतं. केलं तर?

भट्टीजवळची:
इथे कृपा करून करू नका. १० नगांच्या लॉटला दर दोन तासांत ८९ मिनिटं काम आणि ३० सेटअप, म्हणजे १२०पैकी ११९. भट्टी नसती तरी रांग सहा दिवसांची झाली असती. ४० केला तर सेटअप वाचतो, पण प्रत्येक लॉटच इतका लांब होतो की एकूण वेळ पुन्हा वाढते. त्याच हिशेबात तुमचा २०चा लॉट एकूण वेळेच्या वक्राच्या तळाशीच बसलाय.

हात घालायचा तो चार्जच्या वेळापत्रकात. ९ तासांचं विचलन साडेचारवर आणलं तर प्रतीक्षा साडेअकरा तासांवर येते. ग्राइंडिंगला एक रुपयाही न लावता.

तिसरी_शिफ्ट:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, ताई. आम्ही दुसरं ग्राइंडिंग मशीन मागणार होतो. अजून एक विचारतो. ग्राइंडिंगनंतर ‘अ’ आणि ‘ब’ तपासणीला जातात, ‘क’ पॉलिशिंगला. पुढच्या मशीनवर येणारी अनियमितता कुठून काढू?

रांगेचा_विद्यार्थी:
यावर मी प्रबंध लिहितोय, म्हणून मध्ये बोलतो. जॅक्सन यांच्या १९५७च्या, रांगांच्या जाळ्याच्या मॉडेलमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे सगळं घातांकी. १९८३मध्ये व्हिट यांनी बेल लॅब्जमध्ये क्यूएनए (रांगांच्या जाळ्याचा अंदाज काढायची पद्धत) मांडलं. त्यात प्रत्येक मशीन वेगळं काढून दोनच आकड्यांवर सोडवतात: येण्याचा वेग आणि त्याची अनियमितता. मशीन जितकं गुंतलेलं, तितकी बाहेर पडणाऱ्या लॉटांची अनियमितता कामाच्या अनियमिततेसारखी होते. रिकामं असेल तर आलेली तशीच पुढे जाते.

अडचण फाटा फुटतो तिथे. क्यूएनए जणू नाणं उडवून वाट ठरते असं मानतं, पण तुमच्या ‘क’ची वाट पक्की आहे. बित्रान आणि तिरुपती यांनी १९८८मध्ये नेमकं हेच धरलं: ‘क’च्या दोन लॉटांमध्ये इतर प्रॉडक्टांचे किती लॉट घुसतात, त्यावरून ‘क’च्या अंतरांची अनियमितता काढायची. प्रॉडक्ट पुष्कळ आणि प्रत्येकाचा वाटा लहान असेल, तर ‘क’ पुढे जवळजवळ तसाच निघतो जसा आला होता. तुमच्याकडे तीनच आहेत आणि भट्टीचे गठ्ठेही आहेत, तेव्हा पॉलिशिंगचा आकडा मी खात्रीचा मानणार नाही.

भट्टीजवळची:
पॉलिशिंगआधी एक सोपी तपासणी करा. लिटल यांच्या नियमाने २६ तास भागिले ४ तास, म्हणजे रांगेत सरासरी साडेसहा लॉट दिसायला हवेत. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला ग्राइंडिंगसमोरच्या ट्रॉल्या मोजा, मशीनवर चढलेली सोडून.

तिसरी_शिफ्ट:
दहा दिवस मोजल्या. तीस नोंदींची सरासरी ६.८. एकदा शून्य होत्या, एकदा सतरा, आणि ते सतरा एका रात्रीत दोन चार्ज पाठोपाठ निघाले तेव्हाचे. उद्या लॉगबुक घेऊन भट्टीच्या सुपरवायझरांकडे बसणार आहे.