साखळी सामन्यांचे अंदाज: तक्ता भरायचा कसा?

सीवूड्सकर:
आमच्या सोसायटीत दर फुटबॉल वर्ल्ड कपला अंदाजांचा तक्ता निघतो. २०२६ चा माझ्या गळ्यात पडलाय, कारण एक्सेल येतं ही एकच पात्रता. ४८ संघ, १२ गट, नुसत्या साखळीचे ७२ सामने. निकाल बरोबर आला तर १ गुण, स्कोअर अचूक आला तर ३. तळाला राहील तो सगळ्यांना मिसळ देणार.

बी विंगचे काका फिफा क्रमवारी बघून वरच्या संघाला डोळे झाकून २-० देतात. कॉलेजची पोरं प्रत्येक गटात एक धक्कादायक निकाल घुसवतात. मला दोन्ही पटत नाही. गट 'सी'लाच अडकलेय: ब्राझील, मोरोक्को, स्कॉटलंड, हैती. सुरुवात कुठून करू? आणि बरोबरी किती लावायच्या? आमच्याकडे बरोबरी लावणं म्हणजे पळपुटेपणा.

नौपाड्याचा हाफबॅक:
ताई, सामन्यांना हातच लावू नका आधी. गटाचे गुण लिहा (प्रत्येकाचे तीन सामने, विजयाला ३, बरोबरीला १), कोण ७, कोण ४, आणि मग त्यात बसतील असे निकाल भरा. एकेक सामना भरत गेलं की मोठे संघ सगळीकडे जिंकतात आणि अर्धा डझन संघ ९ गुणांवर जाऊन बसतात. कतारमधल्या २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये ३२ पैकी एकाही संघाचे ९ गुण झाले नाहीत!

खरी गोम तिसऱ्या सामन्यात. ब्राझील कॅमेरूनकडून हरलं, फ्रान्स ट्युनिशियाकडून, पोर्तुगाल दक्षिण कोरियाकडून. तिघंही आधीच बाद फेरीत पोचलेले, मुख्य खेळाडू बाकावर. म्हणून तिसऱ्या सामन्याला ताकद बघत नाही मी, गरज कोणाला आहे ते बघतो.

तुमच्या गटातले तिघे १९९८ लाही एकत्र होते, चौथा नॉर्वे. मोरोक्कोने शेवटी स्कॉटलंडला ३-० चोपलं. पण तिकडे गटात पहिलं येणं पक्कं झालेल्या ब्राझीलने आघाडी घेऊन शेवटच्या दहा मिनिटांत नॉर्वेकडून दोन गोल खाल्ले. नॉर्वे पुढे, मोरोक्को ४ गुणांवर घरी.

बरोबरी: कतारच्या साखळीत ४८ पैकी १०, त्यातल्या ६ चक्क ०-०. त्या हिशेबाने ७२ मध्ये १५ लावा. पळपुटेपणा म्हणणाऱ्यांना युरो कप २०२४ (युरोपातल्या देशांची स्पर्धा) मधला इंग्लंडचा गट दाखवा, ६ पैकी ५ सामने बरोबरीत.

कोपरखैरणे सेक्टर पाच:
काकांना उगाच नावं ठेवू नका. सौदीने अर्जेंटिनाला हरवलं ते सगळ्यांना आठवतं. आमच्या ऑफिसात एका पठ्ठ्याने ते लावलं होतं, तीन दिवस कॉलर ताठ. बाकीचे धक्के सगळे भलत्याच ठिकाणी लावलेले, शेवटी तळाला तोच. जपानने जर्मनीला आणि स्पेनला हरवलं, मधल्या सामन्यात कोस्टारिकाकडून हरलं. हे कोण ओळखणार? २-० वाला निदान मिसळ देत नाही.

सीवूड्सकर:
गुणांवरून मागे यायचं हे आवडलं. गटातले पहिले दोन तर पुढे जातातच, तिसऱ्या क्रमांकाचं काय करू? १२ पैकी ८ तिसरे पुढे जाणार ना?

नौपाड्याचा हाफबॅक:
हो. युरोत २०१६ पासून सहापैकी चार तिसरे जातात. तीन स्पर्धा झाल्या, ४ गुणांवर तिसरा आलेला कोणी बाहेर पडला नाही. २०१६ ला पोर्तुगाल तिन्ही सामने बरोबरीत सोडवून तिसरं आलं आणि पुढे कप घेऊन गेलं. इथे तर दार आणखी मोठं, ३ गुणांवरही चिकटता येईल. म्हणजे शेवटच्या सामन्यात एक गुण दोघांना पुरत असेल तर कोणी जिवावर उदार होणार नाही. तिथे बिनधास्त १-१.

नेरूळ वेस्ट:
एक नियम आधीच लिहून ठेवा: सामना झालाच नाही तर गुण कोणाला? जानेवारी २०२२, महिला आशिया कप, आपल्या डी. वाय. पाटीलवर. भारत-इराण ०-०. पुढच्या सामन्याआधी भारतीय संघात कोविड, उभ्या करायला पुरेशा खेळाडू नाहीत, संघ स्पर्धेबाहेर. इराणबरोबरचा झालेला निकालही रद्द. ०-० अचूक सांगणाऱ्याचे ३ गुण द्यायचे की काढायचे, यावर आमच्या बिल्डिंगमध्ये दोन माणसं आजही नीट बोलत नाहीत.

सीवूड्सकर:
बाप रे, नियम घातला: रद्द म्हणजे सगळ्यांना शून्य.

गट सी भरला. ब्राझील-मोरोक्को १-१, दोघंही हैतीला हरवणार, स्कॉटलंडही. मोरोक्कोकडून स्कॉटलंडचा पराभव, आणि शेवटी ब्राझील-स्कॉटलंड १-१. मोरोक्को ७, ब्राझील ५, स्कॉटलंड ४, हैती ०. काकांनी बघितलं आणि म्हणाले, "ब्राझीलच्या डोक्यावर मोरोक्को? अगं, मिसळीचे पैसे आत्ताच काढून ठेव."