बौद्ध धम्म शिकायचा आहे, सुरुवात कुठून करू?

गावात विहार आहे, वंदना पाठ आहे, पण समजत काहीच नाही. आधी काय वाचू?

— भाऊ, बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' घ्या. आठ खंड आहेत. पहिल्यात सिद्धार्थाचं चरित्र. ते झालं की सरळ तिसऱ्यावर या. धम्म म्हणजे काय अन् काय नाही, ते तिथं आहे. दुसऱ्यात दीक्षा घेणाऱ्यांची नावंच नावं, नवखा माणूस तिथंच अडकतो. रोज चार पानं पुरे.

— आषाढ ते आश्विन पौर्णिमा वर्षावास असतो, म्हणजे भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहतात तो काळ. विहारात ग्रंथवाचन असेल तर निंदण आटोपून संध्याकाळी जा, अडलं तिथं विचारा.

— पंचशील म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं अन् नशा यांपासून दूर राहायचे पाच संकल्प. ही कोणाची आज्ञा नाही, आपणच घेतलेलं शील आहे. मोडलं तर पुन्हा घ्या, सोडू नका. सोबत दहा मिनिटं आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान, करा. श्वास मुद्दाम लांबवू नका, नाकपुडीशी येता-जाता फक्त पाहा.