गंगापूर धरणात डिसेंबरपर्यंत थोडी जागा रिकामी ठेवावी का?

गोदाकाठचा पंचवटीकर

पुन्हा एकदा नाशिकला भर थंडीत हवामान खात्याचा येलो अलर्ट. मेघगर्जना, सोसाट्याचा वारा, तुरळक ठिकाणी गारा. आता याला 'अवकाळी' म्हणायचीही सोय राहिलेली नाही, इतका तो वेळेवर येतो. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ, २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळ, २०२३ मध्ये २६ नोव्हेंबरची गारपीट. अरबी समुद्र तापतोय हे शास्त्रज्ञ ओरडून सांगताहेत. आपलं जलाशयाचं वेळापत्रक मात्र तेच: ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत धरण काठोकाठ भरा, आणि पावसाळा संपला असं जाहीर करून झोपा.

माझं म्हणणं सरळ आहे. शहराच्या वर गोदावरीवर असलेल्या गंगापूर धरणात डिसेंबरच्या मध्यापर्यंत दहा टक्के जागा मोकळी ठेवा. भरलेल्या धरणावर मोठा पाऊस झाला तर सांडव्याचे दरवाजे उघडण्याशिवाय पर्याय नसतो, आणि त्या वेळी नदीकाठच्या सराफ बाजारापासून भांडी बाजारापर्यंत कुणीही तयारीत नसतं. पावसाळ्यात गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हे सगळं गाव बघत असतं. नोव्हेंबरात कोण बघतं? घाटावर टपऱ्या, भाजीवाले, दशक्रियेला आलेली माणसं, सगळे निर्धास्त. २००८ आणि २०१६ चे पूर पावसाळ्यातले होते, म्हणून निदान लोक सावध तरी होते.

हे पत्र जलसंपदा खात्याला पाठवायचं आहे. विरोध असेल तर इथेच करा.

मंडपाखालचा

पंचवटीकर दादा, विरोध आहे. हिवाळ्यातलं पाणी रामकुंडात नाही, द्राक्षाच्या घडात साचतं.

तुम्हाला २६ नोव्हेंबर आठवते ती बातमीतली. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे त्या दिवशी काय झालं ते बघायला यायला हवं होतं. ऑक्टोबर छाटणीच्या बागा त्या सुमारास फुलोऱ्यात नाहीतर मणी सेट होण्याच्या अवस्थेत असतात. फुलोऱ्यात पाऊस झाला की गळ आणि कूज, दोन्ही एकदम. त्यातून वाचलं तर डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग. पाऊस थांबल्यावर पहिल्या काही तासांत फवारणी व्हायला हवी, पण काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो, ब्लोअर आत जात नाही, मग तोंडाला फडकं बांधून माणसांनी बुरशीनाशकाची भुकटी धुरळायची. कसमादेतल्या (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) अर्ली, म्हणजे लवकर छाटलेल्या बागांत तर तयार माल असतो. मण्यांवर पाणी थांबलं की साल तडकते. निर्यातीचा माल बेदाण्यासाठी घालायच्या द्राक्षांच्या भावात, तेही घेणारा मिळाला तर.

आणि वारा! पावसाचं सगळे बोलतात, वाऱ्याचं कोणी बोलत नाही. घड लागलेला मंडप जड असतो. एका कोपऱ्याचा ताण सुटला की रांगच्या रांग बसते. प्लास्टिक आच्छादन घाला म्हणतात, एकरी लाखांत खर्च आहे, आणि जोराचा वारा त्याच प्लास्टिकला धरून अँगल वाकवतो.

विम्याचं विचारूच नका. फळपीक विमा हवामान केंद्राच्या आकड्यावर चालतो. केंद्र महसूल मंडळात एका जागी, गारा पडतात दोन शिवारं सोडून. गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यायचं. सरकारी मदतीसाठी ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान पंचनाम्यात दिसायला हवं. फुलोऱ्यातली गळ त्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही, महिन्याने दिसते. तोवर पंचनामा होऊन गेलेला असतो.

तुमचं दहा टक्के पाणी सोडून यातलं काय वाचणार? उलट रब्बीचं एक आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची एक पाळी, कमी होईल, ते आमच्याच बोकांडी.

हिशेबी

भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो. गंगापूर धरण साधारण साडेपाच टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). दहा टक्के म्हणजे अर्धा टीएमसी. आता पाऊस बघा. पाणलोटातल्या १०० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे अतिवृष्टीच्या ६५ मिलिमीटरच्या निकषाहूनही बराच जास्त, तर एकूण पाणी होतं सुमारे ०.३५ टीएमसी. ऑगस्टमध्ये जमीन तुडुंब असते, तेव्हा यातलं बरंचसं वाहून येतं. नोव्हेंबरअखेर जमीन कोरडी पडू लागलेली असते, पहिला पाऊस ती पिऊन टाकते. तिसरा हिस्सा आला तरी खूप.

शिवाय हिवाळी पाऊस बहुतेक वेळा ढगांच्या पट्ट्यापट्ट्यांत पडतो. त्र्यंबकेश्वरकडे दोन-दोन दिवस लागून राहणारी झड ती वेगळी. वरती काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही धरणंही आहेत. १०,००० क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला १०,००० घनफुटांचा, विसर्ग अखंड २४ तास चालला तर ०.८६ टीएमसी पाणी जातं. पूर येतो तो असा तासन्‌तास लागलेल्या विसर्गाने. हिवाळ्यात तेवढं पाणी येणार कुठून?

गोदाकाठचा पंचवटीकर

हिशेबी साहेब, हिशेब सरासरीचा आहे, पूर सरासरीने येत नाही. दोन दिवस आधी एक पाऊस होऊन जमीन ओली झाली आणि मग दुसरा आला तर तुमचा तिसरा हिस्सा कुठे जाईल? चेन्नईत २०१५ मध्ये काय झालं? डिसेंबरच होता. चेंबरंबाक्कम तलाव भरलेला, वरून पाऊस, आणि मग सोडलेलं पाणी अड्यार नदीतून शहरात.

हिशेबी

चेन्नईचा डिसेंबर म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट, दादा. ईशान्य मोसमी पावसाचा तो ऐन हंगाम. तिथे तलाव भरलेला ठेवणं ही भर पावसाळ्यातली चूक ठरते. आपल्याकडे नोव्हेंबरात भरलेलं धरण म्हणजे पुढचे सात-आठ महिने शहराला पिण्याचं पाणी. तुलना करायचीच तर आपल्या ऑगस्टशी करा. तिथे मी तुमच्या बाजूने आहे: ऑगस्टमध्येच धरण भरून घेण्याची घाई करू नये. जमीन ओली असण्याचा मुद्दा मात्र रास्त आहे. ऑक्टोबरच्या शेवटी परतीचा पाऊस लांबला तर माझं गणित थोडं बिघडतं, मान्य. तरी अर्धा टीएमसी लागेल इतकं नाही.

सायखेड्याची लेक

वर सगळे 'सोडा' आणि 'ठेवा' बोलताय. सोडलेलं पाणी कुठे येतं ते कुणी बोलेना. नदीच्या खालच्या अंगाला आमच्या गावांत, सायखेडा, चांदोरीला.

आमच्याही खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात गाळ साचलाय, फुगवटा मागे आमच्याकडे सरकतो. पावसाळ्यात आम्ही पाणी उपसायच्या मोटारी वर काढून ठेवतो, जनावरं हलवायची कुठे ते ठरलेलं असतं. हिवाळ्यात मोटारी नदीत असतात. पाइप, स्टार्टर, केबल सगळं काठावर. तेव्हा थोडासा विसर्ग रात्री सोडला तरी सकाळी मोटार गेलेली असते. पूर म्हणून त्याची नोंद होत नाही, कारण घरात पाणी शिरलेलं नसतं. माझ्या माहेरी अशी मोटार गेली आहे, भरपाई शून्य.

तेव्हा पंचवटीकर दादा, तुमची भीती मला खोटी वाटत नाही. पण पत्रात मागायचंच असेल तर हे मागा: ऑक्टोबर ते मार्च कधीही पाणी सोडायचं असेल तर किमान बारा तास आधी गावात दवंडी, भोंगा, मोबाइलवर संदेश, काय हवं ते. पावसाळ्यात सूचना येतात. हिवाळ्यात 'आवर्तन आहे, त्यात काय सांगायचं' असा कारभार.

मंडपाखालचा

ताईंच्या मागणीला माझी सही घ्या. मोटारीचं शंभर टक्के खरं.

मराठवाड्यातून

तुम्हाला दहा टक्के जड झाले असतील तर खाली सोडा की. आम्ही पैठणला जायकवाडी धरणावर झेलायला बसलोच आहोत.

मंडपाखालचा

आले! २०२३ च्या नोव्हेंबरात जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडलं तेव्हा पोटभर झेललंत ना? पंचवटीकर दादा, बघा, तुमच्या पत्राचा पहिला लाभार्थी हजर झाला. 'पूरनियंत्रण' या नावाने एकदा पाणी सोडायची सवय लागली की ते दरवर्षी जाणार.

मराठवाड्यातून

नियमाप्रमाणे आलं होतं, भाऊ, उपकार म्हणून नाही. तुमची द्राक्षं आम्हीही विकत घेऊनच खातो. चालू द्या.

सिडकोतली

सगळे धरणावर अडकलेत. शहरात गेल्या अवकाळीत पाणी कुठे तुंबलं? गोदेच्या काठी नाही. नासर्डी नदीच्या कडेला, वाघाडी नाल्याला, आमच्या कॉलनीच्या वळणावर. तासाभराच्या पावसात. या पाण्याचा गंगापूर धरणाशी काडीचा संबंध नाही, ते धरणाच्या खाली शहरातच पडतं आणि शहरातच अडतं.

नालेसफाई होते मे महिन्यात. दिवाळीनंतर त्याच नाल्यांत पुन्हा प्लास्टिक, बांधकामाचा राडारोडा, पानगळ. दुसरी सफाई नाही, कारण अंदाजपत्रकात पावसाळा एकच. नाल्यांच्या भिंती सिमेंटच्या केल्या, वर स्लॅब टाकून पार्किंग केलं, तर पाणी मुरणार कुठे? वाऱ्यात फांद्या पडतात त्याचंही तेच. छाटणी पावसाळ्याआधी एकदा, मग वर्षभर तारांवर झुलत. गेल्या वेळी आमच्याकडे वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

पुराची निळी रेषा, लाल रेषा आखली ती गोदेसाठी, तीही किती पाळली जाते ते घाटावर जाऊन बघा. नाल्यांचं तर कोणी नावही घेत नाही. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी काठावर आणखी काँक्रीट ओतणार असतील तर पंचवटीकर काका, तुमचं अर्ध्या टीएमसीचं पत्र कोण वाचतंय?

हिशेबी

हे मात्र आकड्यातही बसतं. कोरडी जमीन पाऊस पिते हा माझा सगळा युक्तिवाद. काँक्रीट पीत नाही. हिवाळ्यातला खरा पूरधोका शहरात जो काही आहे तो धरणाखालच्या नाल्यांचा.

गोदाकाठचा पंचवटीकर

ठीक. सायखेड्याच्या ताईंची पूर्वसूचनेची मागणी आणि ऑक्टोबरअखेरची दुसरी नालेसफाई, दोन्ही पत्रात घालतो. नाल्यांची प्रत महापालिकेला वेगळी जाईल. विम्याचं जलसंपदाच्या पत्रात बसत नाही, मंडपाखालचे भाऊ, ते तुम्ही कृषी खात्याला लिहा, मी सही करतो.

दहा टक्क्यांचं मात्र मी काढणार नाही. पाच करतो हवं तर. मुदतही डिसेंबरऐवजी नोव्हेंबरअखेर.

मंडपाखालचा

पाचला पण माझा विरोध लिहून ठेवा.